राऊटर सारखा बंद-चालू होतोय? आधी समुद्राखालची तार दुरुस्त करणाऱ्या लॉर्ड केल्विनची गोष्ट वाचा

रात्रीचे साडेनऊ. मॅचची शेवटची ओव्हर चालू असते आणि स्क्रीनवर गोल फिरायला लागतं. कोपऱ्यातल्या राऊटरचे सगळे दिवे विझतात, दोन मिनिटांनी एकेक करत परत लागतात. दहा मिनिटं बरी जातात, की पुन्हा तेच.

मग घरात जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कुणीतरी उठून बटण बंद करतं, चालू करतं. कुणी राऊटरला चापट मारतं. कुणी मागच्या बारक्या भोकात टाचणी घालून रीसेट करतं. तरीही नाही झालं तर शेजारच्यांचा अडॅप्टर आणून लावला जातो, तो किती व्होल्टचा आहे हे न बघताच.

लाइन चालत नाही म्हटलं की माणूस आधी जोर लावतो आणि मोजायचं नंतर बघतो. ही सवय आजची नाही. १८५८ साली याच सवयीने जगातल्या सगळ्यात महागड्या लाइनचा जीव घेतला होता. अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली तार होती ती, आणि तिला दिलेला दणका होता सुमारे २००० व्होल्टचा.

या सगळ्या गोंधळात एक माणूस मात्र जोर न लावता मोजत बसला होता. त्याचं नाव विल्यम थॉमसन. जग त्याला पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखू लागलं. एलईडी बल्बच्या खोक्यावर ३००० के किंवा ६५०० के असं लिहिलेलं असतं ना, त्यातला के म्हणजे हेच केल्विन.

दहाव्या वर्षी कॉलेजात

विल्यमचा जन्म २६ जून १८२४ चा, आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. वडील जेम्स थॉमसन गणिताचे शिक्षक. विल्यम सहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी मुलांना घरीच शिकवायला सुरुवात केली. १८३२ मध्ये वडिलांना स्कॉटलंडच्या ग्लासगो विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक म्हणून जागा मिळाली आणि सगळं कुटुंब ग्लासगोला आलं.

१८३४ मध्ये विल्यमचं नाव ग्लासगो विद्यापीठात घातलं गेलं. वय वर्षं फक्त दहा. त्या काळी तिथं हुशार पोरांना लहान वयात घ्यायचे, तरी दहा म्हणजे लहानच.

सोळाव्या वर्षी त्याच्या हातात फ्रेंच गणिती फूरिए यांचं पुस्तक पडलं. धातूच्या सळईचं एक टोक तापवलं तर उष्णता दुसऱ्या टोकापर्यंत कशी, किती वेळात पोचते याचं गणित त्यात होतं. पोरानं ते पंधरा दिवसांत वाचून काढलं. हे गणित लक्षात ठेवा. पुढे याच गणिताने त्यांना जगभर नाव मिळवून दिलं, आणि एकदा तोंडावरही पाडलं.

केंब्रिजचं शिक्षण झाल्यावर थॉमसन पॅरिसला गेले. तिथं रेन्यो नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं. हा माणूस अचूक मोजमापासाठी प्रसिद्ध होता. अंदाजपंचे काही चालायचं नाही. थॉमसन यांना मोजायची सवय लागली ती इथं.

१८४६ मध्ये, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगोला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पुढची ५३ वर्षं त्याच खुर्चीवर राहिले. दारू साठवायच्या जुन्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा थाटली. १८४८ मध्ये तापमानाची नवी मोजपट्टी मांडली. तिच्यातला शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. त्याच्याखाली तापमान जाऊच शकत नाही. आज आपण तिला केल्विन मोजपट्टी म्हणतो.

इथपर्यंत सगळं वर्गात आणि वहीत चाललं होतं. मग विषय निघाला समुद्राचा.

पाटाचं पाणी आणि समुद्राखालची तार

१८५० च्या दशकात जमिनीवर तारायंत्र जोरात होतं. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या खाडीखालूनही तार गेली होती. पण युरोपातून अमेरिकेला निरोप पाठवायचा तर जहाजाशिवाय इलाज नव्हता, आणि जहाजाला दहा-बारा दिवस लागायचे. सायरस फील्ड नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने ठरवलं की आयर्लंड ते न्यूफाउंडलंड समुद्राखालून तार टाकायची. लांबी सुमारे ३२०० किलोमीटर.

पण एक अडचण आधीच दिसली होती. पाण्याखालच्या लांब तारेत सिग्नल पसरट होत होता. इकडून टिक टिक असं स्पष्ट पाठवलं, तर तिकडे लांबट, एकमेकांत मिसळलेलं काहीतरी पोचायचं.

थॉमसन यांनी १८५४-५५ मध्ये यावर गणित मांडलं. कुठलं गणित? तेच, फूरिए यांचं सळईतल्या उष्णतेचं. उष्णता जशी सळईत पसरते तसाच विजेचा सिग्नल पाण्याखालच्या तारेत पसरतो, हे त्यांनी दाखवलं.

सोपं करून बघू. कोरड्या पाटाला पाणी सोडलं की ते लगेच शेवटच्या वाफ्यात पोचत नाही. आधी पाट भिजतो, मग भरतो, मग पाणी पुढे सरकतं. वरून पाणी बंद केलं तरी शेवटच्या वाफ्यात ते थोडा वेळ झिरपत राहतं. समुद्राखालच्या तारेचं तसंच होतं. आत तांबं, त्याभोवती गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं आवरण, आणि बाहेर खारं पाणी. ही अख्खी तार आधी विजेने भरावी लागते. तिची लांबी दुप्पट झाली की सिग्नल पोचायचा वेळ दुप्पट नाही तर चौपट होतो.

मग उपाय काय? थॉमसन यांचं म्हणणं सरळ होतं. तांबं जाड घ्या, आवरण जाड घ्या, वीज हलकी सोडा आणि पलीकडे सिग्नल पकडणारं यंत्र एकदम नाजूक ठेवा.

हे कंपनीतल्या एका माणसाला अजिबात पटलं नाही.

डॉक्टर व्हाइटहाउस यांचा इलाज

त्यांचं नाव वाइल्डमन व्हाइटहाउस. मूळचे ब्रायटनचे सर्जन. विजेचे प्रयोग करायचा त्यांना नाद होता आणि त्या जोरावर ते अटलांटिक टेलिग्राफ कंपनीचे मुख्य वीजतज्ज्ञ झाले होते. त्या काळी वीज हा विषय शिकवणारी कॉलेजंच नव्हती, त्यामुळे डॉक्टरने तारा सांभाळणं कुणाला वावगं वाटलं नाही.

व्हाइटहाउस यांनी १८५६ मध्ये थॉमसन यांचा नियम भर सभेत खोटा ठरवला. प्रयोग करून बघितलेत, चौपट वगैरे काही होत नाही, असा त्यांचा दावा होता. बारीक तार चालेल, फक्त वीज जोरात सोडा, हा त्यांचा इलाज. बारीक तार म्हणजे तांबं कमी आणि खर्चही कमी. कंपनीला हे ऐकायला गोड वाटलं.

थॉमसन १८५६ च्या शेवटी कंपनीच्या संचालक मंडळात आले, तेव्हा बारीक तारेची ऑर्डर देऊन झाली होती. काम दोन कारखान्यांना वाटून दिलेलं. त्यात गंमत अशी की एका कारखान्याने बाहेरच्या लोखंडी तारा उजवीकडे पिळल्या आणि दुसऱ्याने डावीकडे. दोन्ही तुकडे भर समुद्रात जोडायचे होते आणि जोडले की पीळ सुटायची भीती. तिथं वेगळी जुगाड करावी लागली.

चिडून घरी बसायला थॉमसन यांच्याकडे कारण होतं, पण त्यांनी कारखान्यात आलेलं तांबं तपासायला घेतलं. तेव्हा लक्षात आलं की दिसायला सारखंच असलेलं तांबं वीज वाहून नेण्यात सारखं नसतं. किंचित भेसळ असली तरी मोठा फरक पडतो. तोवर हे कुणी मोजलंच नव्हतं. यापुढच्या तारेसाठी तांबं तपासूनच घ्यायचं, अशी अट त्यांनी घालायला लावली.

दुसरं काम त्यांनी केलं ते यंत्राचं. रेशमाच्या धाग्यावर टांगलेला चिमुकला आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले बारीक लोहचुंबक आणि भोवती तारेचं वेटोळं. विजेचा अगदी हलका झोत आला तरी आरसा किंचित वळायचा. त्यावर दिव्याचा प्रकाश पाडला की समोरच्या पट्टीवर उजेडाचा ठिपका डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचा. हेच मिरर गॅल्व्हानोमीटर. १८५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं. आज राऊटरवर बारीक दिवा लुकलुकतो आणि त्यावरून लाइन आहे की नाही ते कळतं. तेव्हा हे काम या ठिपक्याचं होतं.

तीन आठवड्यांची लाइन

ऑगस्ट १८५७ मध्ये पहिला प्रयत्न झाला. मुख्य वीजतज्ज्ञ म्हणून व्हाइटहाउस यांनी जहाजावर जायला हवं होतं, पण तब्येतीचं कारण देऊन ते किनाऱ्यावर थांबले. त्यांच्या जागी थॉमसन गेले, तेही बिनपगारी. तार खोल समुद्रात तुटली.

जून १८५८ मध्ये पुन्हा निघाले. अगामेम्नॉन या जहाजाला असं वादळ लागलं की पोटात शेकडो टन तार घेऊन ते बुडायच्या बेतात आलं. त्यातून वाचले, तर तार परत परत तुटली. जुलैमध्ये आणखी एक प्रयत्न. दोन जहाजं समुद्राच्या मध्यावर भेटली, तार जोडली आणि एकमेकांकडे पाठ करून निघाली. अंधाऱ्या खोलीत थॉमसन उजेडाच्या ठिपक्यावर डोळे लावून बसलेले. वाटेत सिग्नल गायब झाला, परत आला. शेवटी ५ ऑगस्ट १८५८ ला तार दोन्ही किनाऱ्यांना लागली.

मग काय, नुसता जल्लोष. न्यूयॉर्कमध्ये इतके फटाके उडवले की सिटी हॉलच्या घुमटाला आग लागली. टिफनीसारख्या नामांकित दुकानाने उरलेल्या तारेचे तुकडे आठवण म्हणून विकले.

इकडे आयर्लंडच्या किनाऱ्यावर व्हॅलेन्शियाला मात्र वेगळंच चाललं होतं. ताबा व्हाइटहाउस यांच्याकडे होता. त्यांनी पाच-पाच फुटी कॉइल लावून सुमारे २००० व्होल्टचे झटके द्यायला सुरुवात केली. पलीकडे काही धड पोचेना. आलेले सिग्नल त्यांच्या स्वतःच्या यंत्रालाही पकडता येईनात. तेव्हा त्यांनी गुपचूप थॉमसन यांच्या आरशावर निरोप वाचून घेतले आणि आपल्या यंत्रावर उतरले असं दाखवलं. हे नंतर उघड झालं.

राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला संदेश ९८ शब्दांचा होता. तो पोचायला १६ तास लागले. तारेवरचे कर्मचारी एकमेकांना जे निरोप पाठवत होते त्यात बरेचसे पुन्हा पाठवा, जरा सावकाश पाठवा अशाच अर्थाचे होते. आजच्या व्हिडिओ कॉलवर निम्मा वेळ आवाज येतोय का विचारण्यात जातो, तसंच.

या तारेने एक काम मात्र मोठं केलं आणि त्याचा संबंध थेट भारताशी आहे. १८५७ चा उठाव मोडून काढायला ब्रिटिश सरकारने कॅनडातल्या दोन पलटणी बोलावल्या होत्या. ऑगस्ट १८५८ पर्यंत उठाव दडपत आला होता, त्यामुळे त्या पलटणींची गरज उरली नव्हती. लंडनहून तारेने निरोप गेला की निघू नका. त्या एका निरोपाने सरकारचे सुमारे ५० हजार पौंड वाचले.

पण त्यानंतर लगेचच, सप्टेंबरच्या सुरुवातीला, लाइन वाचता येण्याच्या पलीकडे गेली. जेमतेम तीन आठवडे चालली होती ती.

कंपनीने व्हाइटहाउस यांना ऑगस्टमध्येच काढून टाकलं होतं. थॉमसन यांनी ताबा घेतला, मोठ्या कॉइल काढल्या, साध्या बॅटऱ्या लावल्या आणि आरशावर जेवढं वाचता येईल तेवढं वाचलं. सुरुवातीला तर त्यांनी संचालकांपुढे व्हाइटहाउस यांची बाजूही घेतली. पण तारेचं आवरण आतून फुटत चाललं होतं. पाटाचा बांध एकदा फुटला की मग वरून कितीही सावकाश पाणी सोडा, शेवटच्या वाफ्यापर्यंत काही जात नाही.

चूक कुणाची?

लोकांनी लगेच निकाल लावला, व्हाइटहाउसने तार जाळली. काही जण तर म्हणू लागले की तार कधी चाललीच नव्हती, सगळा बनाव होता.

सरकार आणि कंपनी यांनी मिळून चौकशी समिती नेमली. १८६१ मध्ये अहवाल आला. तोवर १८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून भारताकडे टाकलेली तारही बंद पडली होती, आणि तिची हमी सरकारने घेतल्यामुळे त्या मेलेल्या तारेचे पैसे सरकार पुढे वर्षानुवर्षं भरत राहिलं. जगभरात समुद्राखाली ११ हजार मैलांहून जास्त तार टाकली गेली होती आणि त्यातली चालू होती फक्त सुमारे ३ हजार मैल.

चौकशीत दिसलं की २००० व्होल्टचा दणका हे एक कारण होतं, एकमेव नव्हतं. तार मुळात बारीक. काही ठिकाणी तांबं आवरणाच्या मधोमध नव्हतं, एका बाजूला सरकलेलं. कारखान्याबाहेर ती उन्हात पडून होती, त्यात आवरण मऊ झालं. मग जहाजात भरली, उतरवली, परत भरली. आधीच दुखऱ्या जागी जोराचा झटका बसला आणि ती गेली.

घरातल्या राऊटरचंही बहुतेक वेळा असंच असतं. एकच मोठा दोष क्वचित सापडतो. म्हातारा झालेला अडॅप्टर, कोंदट जागा आणि सैल पिन या तिघांनी मिळून ते केलेलं असतं.

थॉमसन यांना यातली आणखी एक गोष्ट खटकली. समुद्रात दोष किती लांब आहे हे किनाऱ्यावर बसून काढता येतं. तारेचा एका मैलाचा विरोध ठाऊक असेल आणि दोषापर्यंतचा विरोध मोजता आला, तर भागाकार करून अंतर मिळतं. पण विरोध मोजायचा कशात? प्रत्येक कारखान्याचं आणि प्रत्येक देशाचं माप वेगळं. कुणी ठरावीक लांबीच्या तांब्याच्या तारेशी तुलना करायचं, कुणी लोखंडाच्या.

थॉमसन यांच्या आग्रहावरून १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने विजेची मापं पक्की करायला समिती नेमली. ओहम हे माप सगळ्यांसाठी एकसारखं व्हायला सुरुवात झाली ती या समितीपासून. व्होल्टही याच खटपटीत रुळला. अडॅप्टरवर १२ व्होल्ट छापलेलं असतं आणि पुण्यातल्या व चीनमधल्या अडॅप्टरवर त्याचा अर्थ एकच असतो, त्यामागे मेलेल्या तारांची ही शोकांतिका आहे.

अंगुस्तानातली बॅटरी

त्याच सुमारास बर्फावर कर्लिंग खेळताना थॉमसन पडले आणि मांडीचं हाड मोडलं. जन्मभर ते लंगडत चालले, पण जहाजावर जायचं सोडलं नाही.

१८६५ मध्ये नवी तार तयार झाली. यावेळी थॉमसन यांचं ऐकलं गेलं होतं. तांबं जवळपास तिप्पट, आवरण जाड आणि प्रत्येक तुकडा तपासलेला. वाहून न्यायला ग्रेट ईस्टर्न हे जगातलं सगळ्यात मोठं जहाज.

तरी वाटेत दोष आलाच. ठिपका पट्टीवरून सरकला, जहाज थांबलं, तार उलटी ओढून तपासली. एक इवलासा लोखंडी तुकडा तारेत आरपार घुसलेला निघाला. पुन्हा एकदा तसंच झालं. कुणीतरी मुद्दाम घातपात करतंय असा संशय पसरला आणि तारेवर पहारा बसला. शेवटी कळलं की तारेच्या स्वतःच्याच बाहेरच्या लोखंडी वेष्टणाचे तुकडे मोडून आत घुसत होते. २ ऑगस्टला असाच एक दोष काढायला तार ओढताना ती तुटली आणि समुद्रात गेली. निम्म्याहून जास्त अंतर कापून झालं होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा ग्रेट ईस्टर्न, पुन्हा थॉमसन. २७ जुलै १८६६ ला तार न्यूफाउंडलंडला लागली आणि चालली. तिथून जहाज माघारी वळलं, आदल्या वर्षी बुडालेलं टोक शोधायला. दोन मैलांहून जास्त खोल पाण्यात गळ टाकून ते महिनाभर चाचपडत होते.

या काळात व्हॅलेन्शियाच्या खोलीत कर्मचारी त्या मेलेल्या तारेवरही पाळीपाळीने नजर ठेवून होते. वर्षभर रोज, रात्रंदिवस. ठिपका एका जागी. मग सप्टेंबर १८६६ च्या सुरुवातीला एका पहाटे तो हलला. तार सापडली होती. ती जोडून पूर्ण केली आणि अटलांटिकखाली एकदम दोन चालू लाइन झाल्या.

यानंतर लॅटिमर क्लार्क नावाच्या इंजिनिअरने एक प्रयोग केला. न्यूफाउंडलंडला दोन्ही तारांची टोकं एकमेकांना जोडली, म्हणजे व्हॅलेन्शियाहून निघालेला सिग्नल अमेरिकेला जाऊन परत व्हॅलेन्शियाला येणार. आणि वीज कशाची? शिवणकाम करताना बोटात घालतात त्या चांदीच्या अंगुस्तानात थोडं ॲसिड आणि जस्ताचा तुकडा. तेवढ्यावर ठिपका हलला.

आठ वर्षांपूर्वी २००० व्होल्ट लावून जे धड जमलं नव्हतं, ते दुप्पट अंतरावर अंगुस्तानभर ॲसिडने केलं.

नोव्हेंबर १८६६ मध्ये थॉमसन यांना सर ही पदवी मिळाली.

मुंबईपर्यंत, आणि मदेरापर्यंत

ग्रेट ईस्टर्न पुढे आपल्याकडेही आलं. १८७० मध्ये याच जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली आणि समुद्रमार्गे मुंबई थेट लंडनला जोडली गेली. कापसाचा भाव, जहाजांची खबर आणि सरकारी हुकूम, आठवड्यांचं अंतर काही तासांवर आलं. अशा लांब तारांवर निरोप पकडायला थॉमसन यांचीच यंत्रं लागायची. निरोप शाईने कागदावर उतरवणारं सायफन रेकॉर्डरही त्यांनीच काढलं.

पेटंटमधून पैसा आला आणि त्यांनी लल्ला रूख नावाची शिडाची बोट घेतली. त्याच वर्षी, १८७० मध्ये, बरीच वर्षं आजारी असलेल्या त्यांच्या पत्नी मार्गारेट वारल्या.

१८७३ मध्ये ब्राझीलकडची तार टाकायला ते हूपर या जहाजावरून निघाले. वाटेत तारेत दोष निघाला आणि जहाज मदेरा बेटावर १६ दिवस अडकलं. तिथल्या ब्लँडी कुटुंबाशी ओळख झाली. मुलींना त्यांनी दिव्याच्या उघडझापीने निरोप द्यायला शिकवलं. पुढच्या वर्षी ते आपल्या बोटीने परत मदेराला गेले. असं सांगतात की लग्नाची मागणी त्यांनी बोटीवरून दिव्यानेच घातली आणि किनाऱ्यावरून दिव्यानेच होकार आला. जून १८७४ मध्ये फॅनी ब्लँडी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. लाइनमधला दोष असाही कामी येतो.

मोजणारा माणूस कुठं चुकला?

१८९२ मध्ये ते लॉर्ड झाले. ग्लासगो विद्यापीठाजवळून केल्विन नावाची नदी वाहते, तिचंच नाव त्यांनी घेतलं.

पण त्यांची एक चूक सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. फूरिए यांचं तेच गणित त्यांनी पृथ्वीला लावलं. पृथ्वी एकेकाळी वितळलेला गोळा होती, ती थंड होत आज इथवर आली, तर किती वर्षं लागली असतील? १८६२ मध्ये त्यांचं उत्तर होतं २ कोटी ते ४० कोटी वर्षं. १८९७ पर्यंत ते २ ते ४ कोटींवर आलं. खडकांचा आणि जीवसृष्टीचा अभ्यास करणारे सांगत होते की एवढ्यात हे सगळं होणं शक्य नाही. थॉमसन यांनी ऐकलं नाही.

१८९५ मध्ये जॉन पेरी या त्यांच्याच जुन्या सहायकाने दाखवून दिलं की घोळ गणितात नाही, गृहीतकात आहे. पृथ्वीचं पोट घट्ट सळईसारखं नसेल, आतली उष्णता हलत-फिरत असेल, तर वय कितीतरी पटीने वाढतं. आज पृथ्वीचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं मानलं जातं.

तारेच्या बाबतीत त्यांनी प्रत्येक तुकडा तपासला. पृथ्वीच्या बाबतीत पहिलीच गोष्ट धरून चालले आणि ती तपासायची राहिली.

१७ डिसेंबर १९०७ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी, स्कॉटलंडमधल्या लार्ग्स इथं ते गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटन यांच्या शेजारी त्यांना जागा मिळाली.

आता तुमच्या राऊटरकडे वळू

थॉमसन यांची पद्धत घरच्या राऊटरला जशीच्या तशी लागू होते.

पहिलं, दोष पेटीत आहे की लाइनमध्ये ते ठरवा. सगळे दिवे विझून परत लागत असतील तर राऊटर खरंच रिस्टार्ट होतोय. म्हणजे वीज, उष्णता किंवा राऊटर स्वतः. पॉवरचा दिवा स्थिर आहे आणि फक्त लॉस नावाचा दिवा लाल होतोय, तर राऊटर ठीक आहे, फायबरची लाइन तुटतेय. तिथं बटण बंद-चालू करून काही होणार नाही. कंपनीलाच सांगावं लागेल.

दुसरं, वीज बघा. एक्स्टेंशन बोर्ड काढून राऊटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. मागची पिन सैल आहे का, हलवली की दिवे विझतात का, ते बघा. फ्रीज किंवा पाण्याची मोटर सुरू होते तेव्हाच रिस्टार्ट होतो का, इकडेही लक्ष द्या. छोट्या यूपीएसवर असेल तर यूपीएस बाजूला काढून एक दिवस चालवा. त्याची बॅटरी गेलेली असू शकते.

तिसरं, अडॅप्टर. तो दोन-चार वर्षांत थकतो. रिकामा असताना नीट चालतो, पण घरातले सगळे फोन आणि टीव्ही एकदम जोडले की मान टाकतो. बदलताना व्होल्टचा आकडा तोच हवा, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, पिन तशीच हवी. ९ व्होल्टच्या राऊटरला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावणं म्हणजे डॉक्टर व्हाइटहाउस यांचा इलाज.

चौथं, उष्णता. सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर, बंद कपाटात किंवा क्रोशाच्या रुमालाखाली ठेवलेला राऊटर तापतो. मोकळ्या जागी उभा करा. दुपारीच जास्त रिस्टार्ट होत असेल तर संशय इकडे घ्या.

पाचवं, एका वेळी एकच गोष्ट बदला. पेनड्राइव्ह, लॅन केबल, एक्स्टेंडर, सगळं काढा. राऊटर टिकला तर एकेक परत जोडत जा. जे जोडल्यावर पुन्हा बंद पडेल ते दोषी. सगळं एकदम बदललं तर कशाने सुधारलं हे कधीच कळणार नाही.

सहावं, टाचणी लांब ठेवा. फॅक्टरी रीसेटने कंपनीने भरलेली सेटिंग्ज पुसली जाऊ शकतात. मग राऊटर चालू राहील पण नेट येणार नाही. त्याआधी राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सॉफ्टवेअरचा अपडेट आलाय का ते बघा.

आणि हे करताना एका कागदावर वेळा लिहून ठेवा. कधी बंद पडला, तेव्हा कुठले दिवे होते, घरात काय चालू होतं. दोन दिवसांची अशी यादी हातात असेल तर कस्टमर केअरला सारखा रिस्टार्ट होतोय एवढंच सांगावं लागत नाही. घरी येणाऱ्या माणसालाही कुठून सुरुवात करायची ते कळतं, आणि सगळं तपासून राऊटरच गेला असेल तर बदलून मागताना तुमच्याकडे पुरावा असतो.